झोतभट्टी आकृतीपुरतीच उरली

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या वर्गाला लोहाचे निष्कर्षण, म्हणजे धातुकापासून (लोहाच्या खनिजापासून) लोखंड वेगळे करणे, शिकवताना मी पुष्कळ वर्षे एकच दृश्य पाहिले: वहीत झोतभट्टीची, म्हणजे लोखंड वितळवून काढणाऱ्या उंच भट्टीची, नीटनेटकी आकृती, तिच्या पोटात तापमानाचे आकडे, शेजारी चार समीकरणे, आणि ‘का’ विचारले की शांतता. एका वर्षी एका मुलीने उलट मलाच विचारले, “बाई, कोकही घन आणि धातुकही घन, मग कार्बन आत शिरतो कुठून?” साऱ्या धड्याचे मर्म या प्रश्नात आहे, आणि प्रश्नपत्रिकेत मात्र तो कधी पाहिल्याचे मला आठवत नाही. दोन घन पदार्थांचे तुकडे एकमेकांना फक्त कडेकडेने टेकतात. तळाशी तप्त हवेच्या झोतात कोक (दगडी कोळशापासून केलेले, बहुतांश कार्बन असलेले इंधन) जळून कार्बन डायऑक्साइड होतो, तो वरच्या रसरशीत कोकमधून जाताना कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि हा वायू वर चढताना खाली उतरणाऱ्या हेमॅटाइटच्या, म्हणजे लोहाच्या लाल धातुकाच्या, भेगांत शिरून त्यातला ऑक्सिजन काढून घेतो. घन कार्बनही थेट क्षपण करतो, म्हणजे ऑक्सिजन काढून घेतो, पण ते मुख्यतः खालच्या अतितप्त भागात. एवढे उमगले की माल वरून आणि हवा खालून का, हे पाठ करावे लागत नाही.

आमच्या वेंगुर्ले तालुक्यात रेडीच्या खाणी आहेत. लाल धूळ मुलांच्या ओळखीची आहे. तरीही निर्यातशुल्काच्या बातमीतले ‘58 टक्के प्रतीचे खनिज’ त्यांना काठावर पास झाल्यासारखे वाटते. हेमॅटाइटमध्ये लोहाचे दोन आणि ऑक्सिजनचे तीन अणू असतात; लोहाचा अणुभार 56 आणि ऑक्सिजनचा 16 धरून हिशेब केला, तर 160 किलो निव्वळ हेमॅटाइटमध्ये लोह 112 किलो, म्हणजे 70 टक्केच भरते. तेव्हा हे 58 शंभरांपैकी नव्हे, सत्तरांपैकी वाचायचे असतात. उरलेल्या मातीतल्या सिलिकाला चुनखडीतला चुना पकडतो आणि वितळलेल्या लोखंडावर मळी तरंगते. ते लोखंड सुमारे 4 टक्के कार्बन पोटात घेऊन उतरते, म्हणून शुद्ध लोखंडाच्या 1538 ऐवजी 1150 अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळते, आणि म्हणूनच ठिसूळही असते. घावन घालायचा बिडाचा तवा हातातून निसटला की तडकतो, हे घरोघरी ठाऊक आहे. त्याचे कारण याच धड्यात आहे, पण ते तिथे कोणी दाखवत नाही.

माझी सूचना साधी आहे. आगकाडीचे टोक ओले करून आधी धुण्याच्या सोड्यात, मग फेरिक ऑक्साइडच्या (हेमॅटाइटमधल्याच संयुगाच्या) पुडीत बुडवावे, शिक्षकांच्या देखरेखीखाली काडी अर्धी जळू द्यावी, आणि निवल्यावर काळा भाग कागदावर चुरडून कागदाखालून चुंबक फिरवावा. काही कण चुंबकामागे सरकतात. पण तिथेच थांबू नये, कारण अर्धवट क्षपणाने होणारे मॅग्नेटाइट हे लोहाचे दुसरे ऑक्साइडही चुंबकाकडे ओढले जाते. ते कण पाण्याने धुऊन मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) द्रावणात टाकावेत. तांबूस थर चढला तर लोखंड खरोखर सुटले. प्रात्यक्षिकाच्या एका तासात हे सहज बसते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वेंगुर्ले