फलाटावर तू जे बोललास

चिपळूण,
५ सप्टेंबर २०२५

चि. अमोघ यास,
अनेक आशीर्वाद.

तू सुखरूप पोहोचल्याचा निरोप बाबांच्या फोनवर आला. माई आत्याही काल गेल्या. मखर अजून उतरवलेले नाही, कारण ते तू बांधले होतेस आणि सुतळीच्या तुझ्या गाठी कापायच्या नाहीत, सोडवायच्या, असे बाबांचे म्हणणे आहे. मी हे सारे फोनवरच बोलणार होते. पण फोनवर तू ‘बरंय गं’ एवढे म्हणून मोकळा होतोस, म्हणून लिहायला बसले.

बुधवारी फलाटावर उभे असताना बाबांनी तुला रुळांपलीकडचा तेरडा दाखवला. आपण गौरीला आणला त्यापेक्षा त्याचा रंग गडद आहे, एवढेच ते म्हणाले. त्यावर तू म्हणालास, “बाबा, तुम्ही एवढ्यातेवढ्यावर खूश कसे होता? मला तर हल्ली कशातच काही वाटत नाही.” तेवढ्यात गाडी आली, बॅगा चढवण्याची घाई झाली आणि बोलणे तिथेच राहिले. परत येताना रिक्षात बाबा एक शब्दही बोलले नाहीत. तुझ्या पहिल्या वाक्याचे त्यांना वाईट वाटलेले नाही, याची खात्री बाळग. दुसरे वाक्य मात्र आपल्या घरात पूर्वी एकदा बोलले गेले आहे आणि ते तुला आम्ही कधी सांगितलेले नाही.

२२ जुलै २०२१च्या पुरानंतर तू आठ दिवस रजा काढून आलास, घमेल्यांनी दुकानातला चिखल उपसलास आणि पुण्याला परत गेलास. त्या आठ दिवसांत बाबा तुझ्या बरोबरीने राबले. त्यांचे खरे दुखणे तू गेल्यावर सुरू झाले. २००५च्या पाण्याची खूण भिंतीवर होती, तिच्याही वर वाशिष्ठीचे पाणी चढले होते. गणपतीसाठी लोकांनी शिवायला दिलेली कापडे चिखलात गेली, त्यांचे पैसे फेडायचे होते; पण बाबांना त्याचीही चिंता वाटेनाशी झाली. चिंता करणारा माणूस मला समजतो. हे मात्र सकाळी चहा निवेपर्यंत कपाकडे नुसते पाहत बसायचे. रेडिओ लावला तर ऐकायचे, बंद केला तरी तसेच बसायचे. दसऱ्याच्या दिवशी मी त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, “कशातच काही वाटत नाही.” अमोघ, शब्द अगदी हेच होते.

डॉक्टरांकडे मी त्यांना जवळजवळ ओढून नेले. डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी पुराबद्दल फार विचारले नाही. जेवणाची चव लागते का, झोप पहाटे मोडते का, आवडीचे काम करावेसे वाटते का, असे साधेच प्रश्न विचारले, गोळ्या दिल्या आणि एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा समजावून सांगितली. ती अशी, की माणूस उत्साह येण्याची वाट पाहत बसला तर तो येत नाही. आधी हाताला दहा मिनिटांचे का होईना, काम द्यावे लागते, मग मन त्याच्या मागून सावकाश येते. मला हे पटायला वेळ लागला, कारण चाळीस वर्षे मुलांना मी उलटेच सांगत आले होते, की मन लावा म्हणजे काम होईल.

मग पडवीत ठेवलेल्या गंजलेल्या मशीनचा एकेक भाग रोज सुटा करायचा, असे ठरले. एक दिवस शटल, एक दिवस बॉबिन केस, एक दिवस दाताळे. घासलेटच्या वाटीत ते भाग बुडवून ठेवायचे, जुन्या दातांच्या ब्रशाने खरडायचे आणि तेल द्यायचे. पहिले कित्येक दिवस ते नुसती आज्ञा पाळल्यासारखे करत होते. डिसेंबरातल्या एका दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते आणि मशीनचा आवाज आला. त्यांनी जुन्या चादरीच्या तुकड्यावर एक टीप मारली होती. तो तुकडा खिडकीकडे धरून ते टिपेवरून अंगठा फिरवत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग पुन्हा. “सरळ आली,” ते म्हणाले. संध्याकाळी त्यांनी चहा मागून घेतला आणि त्यात साखर कमी आहे असे सांगितले. साखर कमी आहे हे त्यांना कळले, या आनंदाने मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

एवढ्यातेवढ्यावर आम्ही खूश कसे होतो, असे तू विचारलेस, म्हणून हे सांगितले. बाबांना तेरडा दिसतो, भाद्रपदात तासभर ऊन पडले की ते दोरीवरचे कपडे स्वतः उलटतात आणि गेलेली वीज आली की लहान मुलासारखे “आली!” म्हणतात, याचे कारण ते भोळे आहेत हे नव्हे. एकदा हे सारे हातचे गेले होते, हे त्यांना ठाऊक आहे.

तुला तेव्हा सांगितले नाही, कारण तुझी नोकरी नवी होती. ती आमची चूक झाली असेल. मुलांना काळजी नको म्हणून आईबाप गप्प राहतात आणि मग मुलेही तेच शिकतात.

तू लहानपणी असा नव्हतास. (हे वाक्य तुला आवडणार नाही, तरी लिहिते.) रेल्वेवर ट्रक चढवून नेणारी कोकण रेल्वेची रो-रो गाडी तेव्हा नवीच होती, १९९९ साली सुरू झालेली. ती दिसावी म्हणून तू बाबांच्या सायकलच्या दांडीवर बसून स्टेशनापर्यंत जायचास आणि बोटे मोडत ट्रक मोजायचास. एकदा बेचाळिसावर तुला शिंक आली आणि मोजणी चुकली, तेव्हा तू घरी येईपर्यंत रडलास, आणि रात्री झोपेत “त्रेचाळीस, चव्वेचाळीस” म्हणालास. बाबांनी मला उठवून ते ऐकवले होते. आज तू एवढ्या मोठ्या हुद्द्यावर आहेस, घराचे हप्ते एकट्याने फेडतोस, बाळकाकाच्या ऑपरेशनच्या वेळी न मागता पैसे पाठवलेस, याचा मला फार अभिमान आहे आणि मी तो चारचौघांत सांगतेही. पण यंदा तू मोदक हातात घेतलास आणि तूप न घालताच दुसऱ्या हाताने फोन पाहत संपवलास, तेव्हा माझे लक्ष सगळे तिकडेच होते. मोदक फोडून त्यात तूप ओतल्याशिवाय तू कधी खाल्ला नव्हतास.

म्हणून सांगते, की जेवताना फोन बाजूला ठेवावा, रात्रीचे कॉल संपल्यावर लगेच अंथरुणावर न पडता गॅलरीत पाच मिनिटे उभे राहावे, रविवारी एक भाजी तरी स्वतःच्या हाताने चिरावी, सकाळी... पाहा, मी पुन्हा वर्गात शिरले. क्षमा कर. तुला शिकवण्याचा माझा हेतू नव्हता. तू थकला असशील आणि थकल्या माणसाला असे धडे नकोसे होतात, हे मला समजते. कदाचित तू ते सहज बोलला असशील आणि मीच धरून बसले असेन.

तरीही, सहज बोलला नसशील तर? पुण्यात चांगल्या डॉक्टरांना तोटा नाही. समोरासमोर जाणे जड वाटत असेल, तर सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर. ती ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली, फोन मोफत आहे, दिवसरात्र कधीही करता येतो आणि मराठीतून बोलता येते. आमच्या वेळी ती नव्हती. बाबांना दाखवायला आम्ही अडीच महिने उशीर केला, लोक काय म्हणतील या विचाराने. तो उशीर तुझ्या बाबतीत मला नको आहे. याविषयी आता लिहीत नाही.

आज शिक्षक दिन म्हणून २००३च्या चौथीतली एक मुलगी आपल्या मुलाला घेऊन घरी आली होती. त्या मुलाने झोपाळ्यावर बसून कड्या किती वेळा कुरकुरतात ते मोजले. तो मोजत असताना मला तुझी आठवण झाली आणि पुन्हा तेच वाक्य आठवले. तेल घालायचे राहिलेच आहे. तूच म्हणाला होतास, आवाज राहू दे.

तुझा निळा सदरा इथे राहिला. त्याचे वरून दुसरे बटण लोंबत होते. बाबांनी ते तर लावलेच, शिवाय बाकीची सगळी बटणे उसवून पुन्हा पक्की केली आणि काजांना नवा दोरा घातला. सकाळभर तेच चालले होते. उद्या पार्सल पाठवते. सोबत तुपाची छोटी बाटली आहे. पार्सल मिळाले की फोन कर. कॉल संपायला रात्रीचा एक वाजला तरी हरकत नाही, मी जागीच असते.

तुझी,
आई