पक्षकाराला न भेटलेला पालक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या आजोबांनी दोन दुकानगाळ्यांचा ट्रस्ट करून ठेवला होता. भाडं जन्मभर आत्याच्या खर्चाला, तिच्या माघारी नातवंडांना. पुढे जन्माला येतील तीही त्यात धरली होती. आत्या वयाने साठीची, मनाने मात्र लहानच. घरात वाद होऊन दावा लागला तेव्हा कोर्टाने तिच्यासाठी एका तरुण वकिलाला पालक, म्हणजे दाव्यात तिच्या वतीने बाजू मांडणारा माणूस, नेमलं. त्यांनी दोन ओळींची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिली. पुढे गाळे विकायची तडजोड ठरली आणि आत्याच्या वतीने त्यांची सही झालीसुद्धा.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३२ प्रमाणे अज्ञान (वयाने लहान) किंवा मानसिक दुर्बलतेमुळे स्वतःचं हित पाहू न शकणाऱ्या पक्षकाराच्या वतीने कोर्टाच्या नोंदवलेल्या परवानगीशिवाय तडजोड करता येत नाही. परवानगी मागितली तेव्हा न्यायाधीशांनी एवढंच विचारलं, "तुम्ही यांना भेटलात?" वकीलसाहेब गप्प.

पुढच्या तारखेआधी ते घरी आले. आत्याने उशीच्या अभ्र्यातून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून एकेक त्यांच्या हातात ठेवली. औषध दुकानाची शेवटची पावती चार महिन्यांपूर्वीची निघाली. भाडं तर दर महिन्याला येत होतं! वकीलसाहेबांनी सगळं लिहून घेतलं, कोर्टापुढे मांडलं. गाळे राहिले, आणि आता भाडं थेट आत्याच्या बँक खात्यात जमा होतं. हे सगळं एका भेटीमुळे झालं. ती भेट न्यायाधीशांनी विचारलं म्हणून झाली, याचीच मला अजून धास्ती वाटते.

तेव्हा माझी मागणी आहे की नेमलेल्या पालकाने प्रत्यक्ष भेटून लेखी अहवाल दिल्याशिवाय कोणतीही तडजोड मंजूर होऊ नये. पालकाचा खर्च पक्षकारांकडून किंवा मिळकतीतून देण्याचा हुकूम कोर्टाला करता येतो, तो करावा. फुकटात कोण किती धावेल? अजून जन्मालाच न आलेल्या नातवंडांचं तर अवघड. घरातले सगळे एक झाले आणि विश्वस्तही त्यांतलाच असला की या नातवंडांच्या हिश्शाबद्दल बोलणारा कुणी उरत नाही. तिथे कोर्टाने बाहेरचा माणूस नेमावा.

आणखी एक. आमच्या खानापूर, निपाणी भागातली किती घरं पोटासाठी गोवा, पुणे, मुंबईला गेली. त्यांचे वारस सापडत नाहीत म्हणून वर्तमानपत्रात नोटीस देतात, ती कन्नडमध्ये. पक्षकार शेवटचा जिथे राहत होता तिथे खपणाऱ्या दैनिकात नोटीस द्यावी असं कायदाच सांगतो. या गावांतून मराठी दैनिकं रोज घरोघर जातात. कन्नड नोटिशीला आमची हरकत नाही, पण तीच मराठीतही छापावी. मागे राहिलेला एखादा चुलता ती वाचून पुण्याला फोन तरी करील.

महिला, मुलं आणि मनोरुग्ण यांना विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे वकील मोफत मिळतो. आमच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. तालुका विधी सेवा समितीने ही माहिती मराठीत लिहून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव