बस अशोक चौकातून सुटू द्या

महोदय,

अमेरिकेतली विद्यापीठे हुशार शाळकरी मुलांसाठी सुटीत खास वर्ग चालवतात, त्यांची माहिती हल्ली पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत असते. आपल्या सोलापूर विद्यापीठानेही असे काही सुरू करावे, असे आमच्या कट्ट्यावर परवा सगळ्यांचेच मत पडले. माझेही तेच मत आहे. फक्त सोलापूरच्या पूर्व भागात, कामगार वस्तीतल्या शाळेत गणित शिकवण्यात जन्म गेल्यामुळे एक धास्ती वाटते, ती आधी सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगी होती. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची, घरात तेलुगू. एकदा ती कारखान्यातले जेकार्डचे फाटके कार्ड दप्तरातून घेऊन आली. चादरीवरची नक्षी या भोके पाडलेल्या कार्डांवर चालते. भोक असेल तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. तिने विचारले, "सर, आठच जागा धरल्या तर वेगवेगळी कार्डं किती होतील ओ?" तास नफा-तोट्याचा चालला होता. "नंतर बघू," म्हणून मी तिला बसवले.

दुसऱ्या दिवशी तिने वहीचे मागचे पान दाखवले. एका जागेला दोन, दोन जागांना चार, तीन जागांना आठ असे मांडत ती 256 वर पोचली होती. खाली शाईने लिहिले होते: एक जागा वाढली की आधीची सगळी कार्डं दोनदा येतात, एकदा भोक पाडून आणि एकदा न पाडता. क्रमचय-संचय आपल्याकडे अकरावीला आहे. हिला कुणी काही शिकवले नव्हते.

त्याच सहामाहीत तिला गणितात शंभरपैकी 58 पडले. उत्तरे बहुतेक बरोबर होती, पण पायऱ्या लिहिलेल्या नव्हत्या. गुण मीच कापले. दहावीनंतर तिचे शिक्षण थांबले.

आता समजा, असा वर्ग निघाला आणि जाहिरातीत पहिली अट आली, "किमान 90 टक्के". ही मुलगी फाटकातच अडली असती, तेही माझ्या सहीच्या प्रगतिपुस्तकामुळे.

गंमत अशी की, ज्यांच्याकडून आपण ही कल्पना घेतो, त्यांनी सुरुवातच शाळेचे गुण बाजूला ठेवून केली होती. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली नावाच्या प्राध्यापकांनी 1971 मध्ये हे काम हाती घेतले. कॉलेजप्रवेशासाठी बारावीच्या वयाची मुले देतात ती एसएटी परीक्षा त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना द्यायला लावली. सातवीचा पेपर सातवीतल्या हुशार मुलांना पुरत नाही, सगळी 95 च्या वर जाऊन बसतात आणि त्यांच्यातली कोण किती पुढची, ते कळतच नाही. पेपर अवघड झाला की ती पांगतात. याच कामातून 1979 मध्ये त्या विद्यापीठाचे प्रज्ञावंत मुलांचे केंद्र उभे राहिले. एवढे मात्र त्यांच्याकडून जरूर घ्यावे. त्यांची फी घेऊ नये, ती डॉलरात हजारांनी असते.

अर्थात चाचणी म्हणजेही ब्रह्मवाक्य नव्हे. कॅलिफोर्नियात 1921 मध्ये लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञांनी बुद्ध्यंक मोजून असामान्य मुले निवडली, तेव्हा शॉकली आणि अल्वारेझ ही दोन मुले त्या चाळणीतून खाली पडली. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निवडलेल्यांपैकी एकालाही ते मिळाले नाही.

आपल्याकडे शाळकरी मुलांची शिष्यवृत्ती परीक्षा आहे, नवोदय आहे. पण शिष्यवृत्तीच्या एका पेपरात 75 प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, आणि जूनपासून घोटून घेतलेले प्रश्नसंच. त्यात चपळाई कळते. ज्याला एकाच गणितावर तासभर बसावेसे वाटते, ते पोर तिथे मागे पडते. तेव्हा विद्यापीठाने पाचच प्रश्न द्यावेत, वेळ भरपूर द्यावा आणि पर्याय देऊ नयेत. प्रश्न तेलुगू, कन्नड, उर्दूतही समजावून सांगणारे कुणी तिथे असावे. शाळांकडून नावे मागवताना पहिल्या तीन नंबरांबरोबर "तासाला भलतेच प्रश्न विचारून त्रास देणारी" दोन नावेही मागवावीत. ती शिक्षकांना लगेच आठवतात. पेपर तपासायला माणूस कमी पडला तर मी येईन, लाल पेन घरी ठेवून.

आणि कृपा करून यात नववीचा पोर्शन आठवीत संपवू नये. ते काम करणारे क्लास गल्लोगल्ली आहेत. पुण्यात आप्पा पेंडशांनी 1962 मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली ती अशाच मुलांसाठी, सोलापुरातही तिचे काम आहे, त्यांना विचारावे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही विशेष कल असलेल्या मुलांसाठी जिल्हा पातळीपर्यंत विषयवार मंडळे काढावीत, असे लिहिले आहे. आपले विद्यापीठ 2004 मध्ये एकाच जिल्ह्यापुरते निघाले म्हणून लोक अजून नाक मुरडतात, पण या कामाला तेच बरे. अकराच तालुके आहेत, करमाळ्याचे पोरही हिशेबात धरता येईल. उन्हाळी शिबिराचा हट्ट मात्र नको. मे महिन्यात इथे पारा 43 वर असतो, दुपारी कुत्रेसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. दिवाळीची सुटी आणि वर्षभरातले रविवार पुष्कळ झाले.

राहता राहिले जाणे-येणे. विद्यापीठ पुणे रस्त्याला, गावाबाहेर. जुळे सोलापुरासारख्या बऱ्या वस्तीतला बाप पोराला गाडीवर सोडून येईल. अक्कलकोट रोडकडच्या पोरीला सोडायला कोण येणार? रविवारीही आईसमोर विड्या वळायचे सूप असते. म्हणून वर्गाची बस पूर्व भागातल्या अशोक चौकातून सुटावी, फुकट असावी आणि दुपारचे जेवण तिथेच मिळावे.

हजेरीबाबतही थोडे सैल राहावे. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही आणि येते त्या दिवशी घागरी भरायला घरातली मोठी मुलगीच लागते. एखाद्या रविवारी ती आली नाही, तर लगेच नाव कमी करू नये.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, सोलापूर