पैसे नकोत, पुतण्या पाठव

प्रिय बेन्या,

शालोम. बाबांच्या कबरीवर बसवायच्या ग्रॅनाइटचा फोटो पाठवलास, त्याला मी उत्तर दिलं नाही म्हणून फुगून बसला असशील. बस. फोनवर बोललो असतो तर भांडण झालं असतं आणि वहिनींनी मध्येच फोन काढून घेतला असता, म्हणून लिहितोय. तब्येत ठीक. गुडघा तसाच, साखर गोळ्यांवर.

आपल्या ज्यू कबरस्तानाची उत्तरेकडची भिंत खाली आली. पावसानं मागची माती फुगली आणि जांभ्याचा गडगा आडवा झाला तो थेट त्या जुन्या कबरांवर. त्याच त्या, नाव नसलेल्या, नुसता दगड उभा केलेल्या. ज्यांच्यावर बसून आपण कैऱ्या खाल्ल्या आणि बापूकाकांनी आपल्याला फाटकापर्यंत पिटाळत नेलं. खापर तू माझ्यावर फोडलंस, ते मी विसरलेलो नाही. तर कबरीचे दगडही जांभ्याचे, भिंतीचेही जांभ्याचे. आता कुठला कोणाचा हे सांगायला बापूकाकाच हवे होते. दादा राखणदार आणि मी एकेक चिरा उचलून बघत बसलो. ज्याच्या एका बाजूला जमिनीतली ओल मुरलेली दिसली तो कबरीचा धरला. यापेक्षा बरी युक्ती सुचली तर कळव.

या भिंतीवरून तू म्हणशील, हस्केल, पैसे पाठवतो. पाठवू नकोस. घेताच येत नाहीत. तुझ्या खिशात इस्राएलचा पासपोर्ट आहे, त्यामुळे तुझे शेकेल म्हणजे परदेशी देणगी. परदेशस्थ भारतीयाचं ओसीआय कार्ड दाखवलंस तरी तेच. त्यासाठी कबरस्तानाच्या ट्रस्टला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी लागते. ती हवी तर मागच्या ३ वर्षांत किमान १५ लाख रुपये कामावर खर्च केलेले दाखवायचे, आणि २०२० पासून परदेशातला पैसा आधी घ्यायचा तो दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच. आपला खर्च काय, तर श्रावणात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा रान कापणं, दादाचा पगार, ऑडिटची फी. १५ लाख खर्च करायचे तर गवताला कल्हई लावावी लागेल. बहिणीच्या नावावर फिरवून पाठवतो म्हणशील, तेही सीएला विचारलं. तो म्हणाला, असल्या आडवाटेनं जाऊ नका, ट्रस्टच अडचणीत आणाल.

खरी गोम वेगळीच आहे. मुंबईत ख्रिश्चनांच्या दफनभूमीत काही वर्षांनी तीच कबर उघडतात, अस्थी काढून कोनाड्यात ठेवतात आणि जागा दुसऱ्याला देतात. म्हणजे जागा फिरती राहते आणि थोडे पैसेही येत राहतात. आपल्यात एकदा ठेवलेल्याला हलवायचं नाही. माणसं गेली इस्राएलला, लोदला, अश्दोदला, दिमोनाला. जमीन मात्र जन्मभर, मरणभर सांभाळायची. दफनाचे चार पैसे यायचे ते बंद, कारण दफनच नाही. उरलं मुदत ठेवीचं व्याज. आणि जो येतो तो आपल्या बापाच्या कबरीपुरतं बोलतो. भिंत कोणाच्याच बापाची नाही.

म्हणून आता तुझा ग्रॅनाइट. रागावू नकोस. रांगेत सगळे दगड एकाच उंचीचे, चकचकीत काही नको, हा ठराव आपल्या वहीत आहे आणि त्याखाली सूचक म्हणून तुझ्याच बाबांची सही आहे. काय अक्षर रे त्यांचं! पान काढून फोटो पाठवीन. आता त्यांच्याच डोक्यावर काळा ग्रॅनाइट बसवायचा? अक्षरं पुसट झालीत हे खरं. मराठी ओळी अजून वाचता येतात, हिब्रू जवळजवळ गेल्या. त्या पुन्हा कोरून काळ्या रंगानं भरून घेऊ, एवढं मी पाहतो.

बापूकाका गेल्याचं तुला कळलंच. पण त्या दिवशीचं सांगितलं नव्हतं. खड्डा आगरी आळीतल्या पोरांनी खणला, खांदाही त्यांनी दिला, रडलेही तेच जास्त. पण कद्दीशला, मयताच्या प्रार्थनेला, दहा पुरुष लागतात ना. आम्ही सात. ठाण्याहून निघालेली गाडी वडखळ नाक्यावर अडकली. सूर्य खाली चाललेला, मी आकड्यांशी झगडतोय आणि तुझा मेव्हणा विचारतोय, साताचे पूर्ण दहा धरत नाहीत का? तुझ्याकडे बस थांब्यावर दहा उभे असतात, तुला नाही कळायचं. शेवटी गाडी पोचली. कद्दीश झाला. पण मला घाम फुटलेला.

आणि खरी धास्ती त्यानंतरची. बापूकाका गेल्यावर विश्वस्त उरलो तिघं. त्यातला एक ऐकू येत नाही म्हणून सह्या करतो, दुसरा मला ऐकून घेत नाही. नवा विश्वस्त घेतला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद, टाकायचा, पण टाकायला नावच नाही. नाव नाही म्हणजे सातबाऱ्यावर कोणी नाही असं लोकांना वाटायला लागतं. २०२४ मध्ये अटल सेतू झाल्यापासून इथे गुंठ्याचा भाव काय झालाय, तुला सांगायची सोय नाही. पांढऱ्या शर्टातला एकजण येऊन विचारून गेला, "काका, हे असंच पडून आहे का?" मी म्हटलं, पडून आहेत ती माणसं आहेत. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय इंचही विकता येत नाही, हेही सुनावलं. तो हसला. त्या हसण्यानंच झोप उडालीय रे.

म्हणून मागतो. तुझा ठाण्याचा पुतण्या विश्वस्त म्हणून दे. भारतीय पासपोर्ट आहे, वय लहान आहे, मोटरसायकल आहे. रोश हशानाला, आपल्या नव्या वर्षाला, आलेला, चिकाच्या हलव्याची दुसरी वडी न विचारता घेतली, तेव्हाच ठरवलं की हा कामाचा. मी विचारलं तर नाही म्हणेल, तू म्हटलंस तर लाजेनं हो म्हणेल. वहीतल्या ठरावाखाली तुझ्या बाबांची सही आहे हेही सांग.

नातीचं सैन्यातलं कसं चाललंय? तिकडचे भोंगे वाजल्याच्या बातम्या आल्या की ही टीव्ही बंद करते. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? बरं असेल.

पुतण्याकडून आधार, पॅन आणि दोन फोटो मागव. त्याला म्हणावं, काम फक्त सह्यांचं आहे. गवताचं मी नंतर सांगतो.

तुझा,
हस्केल