गाडी आपोआप धावायला लागली तर

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, सेकंडहँड का होईना, पण एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी गाडी घेतलीत ते चांगलं केलंत. इंदूरच्या ट्रॅफिकमध्ये गुडघ्याला तेवढाच आराम. पण क्लच नसलेल्या गाडीत एक गोष्ट बदलते. आजवर काही गडबड झाली की तुमचा डावा पाय आपसूक क्लचवर जायचा आणि इंजिन चाकांपासून सुटायचं. ती सोय आता पायाखाली नाही, गिअरच्या लिव्हरवर आहे. तुम्ही क्लच चालवत इतकी वर्षं काढलीत, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

समजा रिंग रोडवर अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी गाडी वेग घेतेच आहे. ब्रेक सगळी ताकद लावून एकदाच दाबा आणि दाबूनच धरा. त्याच क्षणी लिव्हर न्यूट्रलला टाका. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या. आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, ठरावीक मर्यादेपुढे गेले की इंजिनचा कॉम्प्युटर इंधन तोडतो. आणि खराब झालंच तर इंजिन दुरुस्त होतं. इंडिकेटर देऊन डावीकडे घ्या, थांबल्यावर हँडब्रेक ओढा आणि मगच इंजिन बंद करा.

आधी बंद केलं तर पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदतही संपत जाते. लिव्हर न्यूट्रलला जातच नसेल तरच बंद करायचं. तुमच्या गाडीला चावीऐवजी स्टार्ट-स्टॉपचं बटण आहे, आणि चालत्या गाडीत ते एकदा टिचकी मारून चालत नाही. बहुतेक गाड्यांत साधारण तीन सेकंद दाबून धरावं लागतं, काहींत लागोपाठ दाबावं लागतं. मॅन्युअलमध्ये ते पान शोधून खूण घालून ठेवा. चावीच्या गाडीत चावी एकच टप्पा मागे न्यायची. पूर्ण मागे नेऊन काढली तर स्टिअरिंग लॉक होतं.

आता ब्रेकचं. 'ब्रेक लागत नसेल तर पंप मारा' हा जुन्या ड्रायव्हरांचा सल्ला इथे उलटतो. पेडल हलकं लागतं ते पायाचा जोर वाढवणाऱ्या व्हॅक्यूम बूस्टरमुळे, आणि पेट्रोल गाडीत तो व्हॅक्यूम इंजिनच्या इनटेकमधून, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीतून येतो. थ्रॉटल, म्हणजे त्या हवेची झडप, पूर्ण उघडा असला की तिथे व्हॅक्यूम जवळपास उरतच नाही. बूस्टरमध्ये साठलेला असतो तो एकदोनदा दाबण्यापुरता. प्रत्येक पंपाला तो खर्च होतो आणि मग पेडल दगडासारखं घट्ट होतं. पेडल भसकन खाली जात असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे बिघाड ब्रेक ऑइलच्या दाबाचा आहे, भराभर पंप मारल्यानं थोडा दाब तयार होऊ शकतो. म्हणजे पेडल घट्ट असेल तर दाबून धरायचं, खाली जात असेल तर पंप मारायचा. आणि पेडल थरथरून घर्रघर्र आवाज आला तर तो एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, बिघाड नव्हे. पाय उचलू नका.

हँडब्रेक शेवटचा उपाय. त्याच्या टोकाचं बटण दाबूनच ठेवायचं आणि त्याची लिव्हर हळूहळू वर घ्यायची. तो फक्त मागच्या चाकांना लागतो, एकदम ओढला तर गाडी फिरते.

हे सगळं होतं कशामुळे? इलेक्ट्रॉनिक बिघाडाचा संशय सगळ्यांना आधी येतो. अमेरिकेत २००९-१० मध्ये टोयोटाच्या लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या, तेव्हाही तोच संशय होता. थेट नासाच्या इंजिनिअरांनी तपास केला, आणि फेब्रुवारी २०११ च्या अहवालात इलेक्ट्रॉनिक कारण सापडलं नाही. सापडलेली कारणं साधी होती: मॅटमध्ये अडकणारं पेडल आणि मूळ जागी परतताना चिकटणारं पेडल. म्हणून मॅटकडे बघा. गाडीबरोबर आलेली कार्पेट, तिच्यावर पावसाळ्यातली रबरी, शिवाय दुकानदारानं गळ्यात मारलेली जाड सेव्हन-डी, असा थर ड्रायव्हरच्या बाजूला नको. एकच मॅट ठेवा, तीही हुकात अडकवलेली. इंजिन बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सोडा. कुठेही न घासता तो टणकन वर आला पाहिजे. आई, तुझी पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवू नकोस. घरंगळून ब्रेकखाली गेली की ब्रेक दाबताच येत नाही.

दुसरं कारण ऐकायला कोणालाच आवडत नाही, ते म्हणजे चुकीच्या पेडलवर पडलेला पाय. अमेरिकेत १९८० च्या दशकात ऑडी ५००० बद्दल अशाच तक्रारी आल्या होत्या. १९८९ च्या सरकारी अहवालात बहुतेक घटनांचं कारण हेच निघालं. हे वयाचं दूषण नाही, तरुणांचंही होतं. राजवाड्याजवळ अरुंद जागेत रिव्हर्स घेताना अंग मागे वळतं आणि नकळत उजवा पाय उजवीकडे सरकतो. गाडी उसळली की माणूस 'ब्रेक' आणखी जोरात दाबतो. त्यामुळे ब्रेक दाबतोय आणि इंजिनचा आवाज वाढतोय असं झालं, तर आधी पाय पूर्ण उचला आणि डावीकडच्या रुंद पेडलवर ठेवा. रिव्हर्समध्ये अ‍ॅक्सिलरेटरला हातच लावू नका, म्हणजे पाय. सपाट जागी ब्रेक सैल सोडला की एएमटी आपली सरकते. टाच ब्रेकच्या समोर टेकवून ठेवायची, डावा पाय बाजूला स्वस्थ, पायात चप्पल नको.

गार इंजिन सुरू करताना किंवा एसीचा कॉम्प्रेसर लागताना आरपीएम थोडे वाढतात, गाडी जरा पुढे ओढते. त्याची भीती नको, पण सिग्नलला ब्रेकवर पाय घट्ट असू द्या.

ओंकारेश्वरला जाताना सिमरोलच्या पुढे उतार लागतो तिथे डी मध्ये नुसता ब्रेक दाबत उतरू नका. मॅन्युअल मोडवर घेऊन दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा, इंजिनच गाडी धरतं. ब्रेक सतत घासला तर ऑइल तापतं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पण ते हवेतलं पाणी ओढतं, आणि ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल स्पंजसारखं मऊ पडतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. पातळी कमी दिसली म्हणून नुसतं वरून ओतू देऊ नका. पॅड झिजले असतील किंवा कुठे गळती असेल, ते आधी बघायला सांगा. पॅडचं अस्तर ३ मिलिमीटरच्या आसपास आलं की बदलायचं. आणि इंजिन ऑइल चुकूनही ब्रेक ऑइलमध्ये पडता कामा नये, सगळी रबरी सीलं फुगतात.

बूस्टरची परीक्षा घरीच होते. इंजिन बंद असताना ब्रेक चार-पाच वेळा दाबा, तो घट्ट होईल. तसाच दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ठीक. नाही गेलं तर व्हॅक्यूमचा पाइप आणि त्यातला एकमार्गी व्हॉल्व्ह तपासून घ्या. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खालीच बसत गेलं तर बिघाड मास्टर सिलिंडरचा, म्हणजे ब्रेक ऑइलवर दाब आणणाऱ्या भागाचा.

आई, तू शेजारी बसतेस म्हणून तुझ्यासाठी एक काम. बाबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर गुंतले असतील तर लिव्हर न्यूट्रलला तू टाकायचीस. लिव्हर कुठून कुठे जाते ते कॉलनीत गाडी उभी असताना बाबांचा पाय ब्रेकवर ठेवून दहा वेळा करून बघ. न्यूट्रलहून पुढे रिव्हर्सला ढकलायची नाही, तेवढं हाताला कळलं पाहिजे. चारही इंडिकेटर एकदम लावणारं लाल त्रिकोणाचं बटणही दाबायला शीक.

जुन्या मालकाच्या सर्व्हिस बिलावर ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद आहे का बघा. नसेल तर बदललेलंच नाही असं धरा, आणि ओंकारेश्वरला निघण्याआधी ते करून घ्या.

तुमची,
मनू