पीएचडीला निघालेल्या मुलांच्या पहिल्या सहा महिन्यांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एसएसएलसी (दहावी) आणि पीयूसीचे (बारावी) निकाल लागले की आपल्या दैनिकात गुणवंतांचे फोटो येतात आणि गावोगावी मंडळांचे, सोसायट्यांचे सत्कार सुरू होतात. ते व्हायलाच हवेत. पण याच मुलांपैकी एखादे पाच-सात वर्षांनी पीएचडीसाठी निवडले जाते, तेव्हा त्याचे काय कौतुक करावे हेच गावाला उमगत नाही. त्या घराला आधाराची खरी गरज मात्र तेव्हाच असते.

माझी पुतणी येत्या ऑगस्टमध्ये बेंगळूरच्या एका संशोधन संस्थेत रुजू होत आहे. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात मराठी शाळेत शिकली, पीयूसीला सायन्स घेतले, बेळगावात बीएस्सी आणि धारवाडला एमएस्सी केली. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच.

तिचा विषय आहे भातावरचा करपा, म्हणजे बुरशीने होणारा रोग. आमच्या भागात भात पिकवणाऱ्याला करपा समजावून सांगावा लागत नाही. ढगाळ हवा, पानावर सकाळी उशिरापर्यंत दव, त्यात युरियाचा हात सैल सुटला, की पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके दिसू लागतात, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. लोंबीच्या मानेवर आला तर हाताशी आलेले पीक जाते. पण ही बुरशी पानात शिरते कशी, ते मला या वयात पुतणीकडून कळले. बुरशीचा बीजाणू पानावर चिकटतो, त्याला कोंब फुटतो आणि कोंबाच्या टोकाला एक फुगीर पेशी तयार होते. त्या पेशीत ग्लिसरॉल साठते, ते पाणी आत ओढते आणि आतला दाब ८० वातावरणांपर्यंत चढतो, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या साधारण ४० पट. त्या जोरावर एक सूक्ष्म खुंटी पानाची साल भेदून आत घुसते. आपण फवारतो ते ट्रायसायक्लॅझोल या पेशीच्या भिंतीतले काळे रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, त्यामुळे दाब टिकत नाही आणि बुरशी बाहेरच अडते. इतकी वर्षे पाठीवर पंप घेऊन फवारणी केली, पण औषध नेमके काय करते हे कोणत्या दुकानदाराने सांगितले नव्हते. युरोपने २०१७ मध्ये तांदळातल्या या औषधाच्या अंशाची मर्यादा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमवर आणली. म्हणजे याच एका औषधावर विसंबून चालणार नाही, दुसरी वाट कुणीतरी शोधायलाच हवी. ती शोधणाऱ्यांत आपल्या शिवारातली एक मुलगी असणार, याचा मला फार अभिमान वाटतो.

गावात मात्र तिला एकच प्रश्न विचारला जातो, ‘अजून शिकतेसच का गं?’ त्यामागोमाग लग्नाचा विषय निघतो. विचारणारे मायेनेच विचारतात, त्यांना दोष नाही. पीएचडी करताना दरमहा पैसे मिळतात, हेच बहुतेकांना ठाऊक नाही. सीएसआयआर-नेट या देशपातळीवरच्या विज्ञान परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळालेल्या विद्यार्थ्याला १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७ हजार आणि पुढे एसआरएफ (वरिष्ठ फेलो) झाल्यावर ४२ हजार रुपये फेलोशिप आहे. वसतिगृहात जागा नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. एवढा पगार देणाऱ्या खासगी नोकऱ्या बेळगावात किती आहेत, ते पालकांनी स्वतःच पाहावे.

आपली माणसे माहिती काढण्यात मागे नाहीत. सीमाभागातल्या ८६५ गावांतील मुलांना महाराष्ट्रात अभियांत्रिकी आणि वैद्यकीयला कोणत्या जागा आहेत, दाखला कुठून काढायचा, हे आमच्याकडे तोंडपाठ असते. पण बारावीत आपल्या बोर्डाच्या पहिल्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठी केंद्र सरकारच्या इन्स्पायर योजनेत वर्षाला ८० हजारांपर्यंत शिष्यवृत्ती ठेवलेली आहे, हे फार थोड्यांच्या कानावर येते. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात कॉलेजच्या मुलांना दोन महिने मोठ्या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत काम करायला पाठवतात, तेही तसेच. पुतणीने खरी प्रयोगशाळा पहिल्यांदा पाहिली ती याच योजनेतून. या परीक्षांना आणि योजनांना तुम्ही कर्नाटकातले की महाराष्ट्रातले, याने काही फरक पडत नाही. सीमाभागातल्या मुलांसाठी ही केवढी मोकळी वाट आहे!

आता पैशांचे. फेलोशिप रुजू झाल्या दिवसापासून मोजली जाते, पण कागदपत्रे पुरी होऊन पैसे खात्यात पडायला कित्येकदा काही महिने जातात, मग मागचे सगळे एकदम मिळते. तोवर वसतिगृहाची अनामत, प्रवेशाची फी, लॅपटॉप, जेवणखाण हे सगळे घरून. नोकरदाराच्या मुलाला हे जड जात नाही. आमच्याकडे भाताचे पैसे दिवाळीनंतर येतात आणि प्रवेश ऐन रोपलावणीच्या दिवसांत असतो. वहिनींच्या पाटल्या तारण ठेवून आम्ही सोय केली. ज्यांच्याकडे पाटल्याही नाहीत, त्यांची मुले हातात निवडपत्र असून मिळेल त्या नोकरीला लागतात. त्यांची कुठे नोंदही होत नाही.

बेळगाव जिल्ह्यात क्रेडिट सोसायट्यांना तोटा नाही. ट्रॅक्टरला, घराला, लग्नाला कर्ज मिळते. त्यांच्या संचालकांना माझी विनंती आहे, की फेलोशिपचे निवडपत्र हाच आधार मानून, जमीन किंवा सोने न मागता, सहा महिन्यांचे छोटे कर्ज या मुलांना द्यावे. थकबाकीची फेलोशिप एकरकमी येते तेव्हा ते फिटते. सत्काराच्या शाली-श्रीफळांवरचा थोडा खर्च व्याजाच्या सवलतीकडे वळवता आला तर फारच चांगले.

मराठी हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनाही एक सांगणे आहे. बेळगावात नेहरूनगरला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. नववी-दहावीच्या सहली गोव्याला जातातच. परवानगी काढून एक दिवस मुलांना तिथेही नेऊन आणावे.

आणि आपल्याला विनंती अशी, की जेआरएफ, जॅम (एमएस्सी प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा) आणि इन्स्पायरच्या अर्जांच्या तारखा निघतील तेव्हा त्या सीईटीच्या बातम्यांइतक्याच ठळक छापाव्यात, आणि सीमाभागातले कुणी पीएचडीला निवडले गेले तर ते कशावर काम करणार आहे हे दोन ओळींत तरी लिहावे.

आपला नम्र,
एक भात उत्पादक शेतकरी
ता. खानापूर, जि. बेळगाव