ज्यांना सांगता येत नाही त्यांच्यासाठी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री यांना,
सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीची बावीस वर्षे मुलांच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात गेली. आता मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, स्टुलावर बसलेली असते. माझी आई एका शुश्रूषागृहात आहे. तिला स्मृतिभ्रंश आहे, चालता येत नाही, आणि वर्षभरापासून तिचे शब्दही गेले आहेत. नोकरीत माझ्यासमोर बोलायला न शिकलेली माणसे होती, आता बोलणे विसरलेले माणूस आहे. या दोघांच्या सुरक्षिततेचा प्रश्न एकच आहे असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे, म्हणून हे पत्र.

मागच्या महिन्यात एके दिवशी दुपारी चारला मी आईकडे गेले. तिच्या पलंगाच्या पायथ्याशी कूस बदलल्याचा तक्ता अडकवलेला असतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची आणि तिथे सही करायची, अशी पद्धत आहे. त्या तक्त्यावर रात्री दहापर्यंतच्या सह्या झालेल्या होत्या. सहाची, आठची, दहाची. एकच पेन, एकच हात. तक्त्याप्रमाणे आई उजव्या कुशीवर असायला हवी होती. ती डाव्या कुशीवर होती, आणि बराच वेळ असावी, कारण गालावर उशीच्या अभ्र्याच्या सुरकुत्या उमटल्या होत्या. मी तिला वळवले. डाव्या खुब्याच्या हाडावर लालसर चट्टा होता. निरोगी त्वचा बोटाने दाबली की क्षणभर पांढरी पडते. ही पडली नाही. बेडसोरची, म्हणजे सतत एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात अशीच होते.

सही करणारी मुलगी वीस-बावीस वर्षांची होती. मी विचारल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आले. "ताई, चाळीस जणांना आम्ही दोघी. रात्री मी एकटी," एवढेच ती म्हणाली. चाळीस जणांची कूस दर दोन तासांनी एकटीने बदलणे कोणालाही शक्य नाही. त्या मुलीला कामावरून काढावे असे मला मुळीच वाटत नाही. तिच्या जागी येणारीही रात्री एकटीच असेल आणि तीही आगाऊ सह्या करेल.

आईला दुखत होते का? ती सांगू शकत नाही, आणि सांगता न येणाऱ्याला दुखत नाही असे धरून चालण्याची वैद्यकाची सवय जुनी आहे. १९८०च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजात बाळांवर मोठ्या शस्त्रक्रिया जेमतेम भुलीखाली होत. बाळ हलू नये म्हणून स्नायू शिथिल करणारे औषध देत आणि सोबत थोडा नायट्रस ऑक्साइड हा सौम्य भुलीचा वायू. बाळाच्या मज्जातंतूंची वाढ पूर्ण झालेली नसते, त्याला वेदना कळत नाहीत, असा समज होता. ऑक्सफर्डमध्ये काम करणारे डॉ. कंवलजीत आनंद आणि त्यांचे सहकारी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास करून १९८७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले, की शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटानिल हे वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण कितीतरी कमी होता आणि नंतरची गुंतागुंतही कमी होती. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने नवजात बाळांनाही योग्य भूल द्यावी असे जाहीर केले. ही फार जुनी गोष्ट नाही. तेव्हा भुलीविना टाके पडलेली बाळे आज चाळिशीत असतील.

त्यानंतर वेदना मोजायच्या पट्ट्या आल्या. १९९७ मध्ये लहान मुलांसाठी 'फ्लॅक' आली. मुलाचा चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत काढल्यावर ते शांत होते का, या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यायचे. वॉर्डात मी हे हजारो वेळा केले आहे. २००३ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी 'पेनॅड' ही पट्टी तयार झाली, आणि तिच्यासाठी ज्या पट्ट्यांचा आधार घेतला त्यांत मुलांची 'फ्लॅक'ही होती. श्वास, कण्हणे, चेहरा, अंगाची ठेवण, समजूत. पुन्हा पाच गोष्टी, पुन्हा दहापैकी गुण. काही मिनिटांचे काम, खर्च शून्य. आईच्या शुश्रूषागृहात ही पट्टी कोणाला माहीतही नव्हती. तिथे आई अस्वस्थ झाली की झोपेचे औषध वाढवत, आणि मी विचारले की "आजी आता शांत आहेत" असे सांगत.

हे औषध वाढवणे निरुपद्रवी नाही. शांत ठेवण्यासाठी दिली जाणारी मनोविकारावरची काही औषधे स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना दिल्यास मृत्यूचा धोका साधारण १.६ ते १.७ पट होतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने १७ चाचण्यांच्या आधारे २००५ मध्ये दिला. २००८ मध्ये याच गटातल्या जुन्या औषधांनाही तो लागू केला. त्याच देशाच्या १९८७च्या कायद्यात शुश्रूषागृहातल्या माणसाला शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी शारीरिक वा रासायनिक बंधन घालता येत नाही, असे लिहिले आहे. रासायनिक बंधन, म्हणजे औषधाने गुंगीत ठेवणे, हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आईचा अर्धवट उघडा राहिलेला जबडा आठवला.

आता मुलांकडे येते. नोकरीला लागून दोनच वर्षे झाली होती. सात किलो वजनाचे बाळ शस्त्रक्रियेहून परत आले होते. केसपेपरवर मॉर्फिन या वेदनाशामकाचा डोस लिहिला होता .७ मिलिग्रॅम, टिंबाआधी शून्य न देता. टिंब कागदावरच्या आडव्या रेघेवर पडले होते आणि मला दिसले ७. सिरिंज हातात घेतली, पण मनात कसेतरी झाले म्हणून भूलतज्ज्ञांना जाऊन विचारले. त्यांनी कागद पाहिला आणि खुर्चीवर बसले. दहापट डोसने त्या बाळाचा श्वास थांबला असता.

मोठ्या माणसाच्या बाबतीत दहापट चूक व्हायची तर दहा अँप्यूल, म्हणजे औषधाच्या काचेच्या कुप्या, फोडाव्या लागतात, आणि तिसऱ्या-चौथ्या अँप्यूललाच हात थबकतो. लहान बाळाचा दहापट डोस एकाच अँप्यूलमध्ये मावतो. हाताला काही वेगळे जाणवतच नाही. रक्ताचेही तसेच. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त साधारण अडीचशे मिलिलिटर असते, म्हणजे एक पेलाभर. मोठ्या माणसाला किरकोळ वाटेल इतका रक्तस्राव त्याच्या जिवावर बेततो. म्हणून मुलांवर कुठेही, कोणीही, 'लहान मोठा माणूस' समजून शस्त्रक्रिया करू नये. मुलांचा भूलतज्ज्ञ नाही, मुलांची परिचारिका नाही, अशा ठिकाणी तातडीची वेळ सोडून मुलांची शस्त्रक्रिया होऊ देऊ नका. वजन किलोत लिहिल्याशिवाय औषध निघणार नाही, टिंबाआधी शून्य असेल आणि टिंबानंतर उगाच शून्य नसेल, धोक्याचे औषध दोघे स्वतंत्रपणे मोजतील, एवढे तर आपल्या एका परिपत्रकाने होईल.

पण परिपत्रकाने जे होत नाही त्याबद्दल मला जास्त काळजी आहे. त्या दिवशी भूलतज्ज्ञ माझ्यावर खेकसले असते, तर पुढच्या वेळी मी विचारायला गेले असते का? इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या रुग्णालयात मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत काहीतरी फार चुकते आहे हे डॉ. स्टीफन बोल्सिन या भूलतज्ज्ञाच्या लक्षात आले होते. त्यांनी आकडे जमवले, वरिष्ठांना सांगितले. ऐकले गेले नाही. शेवटी ते ऑस्ट्रेलियाला निघून गेले. २००१ मध्ये चौकशी समितीचा अहवाल आला तेव्हा कळले, की १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालची ३० ते ३५ बाळे अपेक्षेपेक्षा जास्त दगावली होती. कॅनडात विनिपेगला १९९४ मध्ये हृदयशस्त्रक्रियांत १२ मुले दगावली. तिथे परिचारिकांनी शंका बोलून दाखवल्या होत्या, पण त्यांच्या म्हणण्याला वजन दिले गेले नाही, असे न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर यांच्या अहवालात आहे. हे वाचताना मला राग आला आणि रडूही आले, कारण त्या खोल्यांत कोण कोणाला काय म्हणाले असेल ते मला न सांगता कळते.

आज ब्रिटनमध्ये मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांचे निकाल रुग्णालयनिहाय जाहीर होतात. आपल्याकडूनही मला हेच हवे आहे. मुलांच्या मोठ्या शस्त्रक्रियांचे निकाल आजाराची तीव्रता लक्षात घेऊन जाहीर व्हावेत. शुश्रूषागृहांचेही व्हावेत: किती जणांना तिथे आल्यावर बेडसोर झाले, किती जणांना गुंगीची औषधे चालू आहेत, आणि रात्रपाळीला माणसे किती, हे दारावरच्या फलकावर लिहिलेले असावे. जी परिचारिका, जी आया, जो शिकाऊ डॉक्टर चूक दाखवतो, त्याची बदली किंवा पगारकपात झाली तर ती सूडातून झालेली नाही हे संस्थेने सिद्ध करावे.

आणि आईबापांना, लेकीसुनांना एक दूरध्वनी क्रमांक द्या. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात २०१३ पासून अशी सोय आहे. आपल्या माणसाची तब्येत ढासळते आहे आणि वॉर्डात कोणी ऐकत नाही असे वाटले, तर आधी परिचारिकेला किंवा डॉक्टरला, मग पाळीच्या प्रमुखाला सांगायचे, आणि तरीही समाधान झाले नाही तर थेट फोन करून दुसऱ्या डॉक्टरांकडून किंवा परिचारिकेकडून तपासणी मागायची. "हे आज नेहमीसारखे नाही" ही गोष्ट बाळाच्या आईला मॉनिटरच्या आधी कळते, हे मी बावीस वर्षे पाहिले आहे.

तपासणीची पथके आपल्याकडेही असतीलच. आईच्या शुश्रूषागृहात तपासणी होती त्या दिवशी चादरी नव्या होत्या आणि एरवी न दिसणाऱ्या चार मुली गणवेशात उभ्या होत्या. तारीख आठवडाभर आधी ठाऊक होती. म्हणून माझी शेवटची विनंती आपल्याला स्वतःलाच आहे. एखाद्या रात्री दोन वाजता, कोणालाही न कळवता, कोणत्याही शुश्रूषागृहाचे दार वाजवा. दार उघडायला किती वेळ लागतो ते पाहा. मग एका पलंगाशी जाऊन तक्ता हातात घ्या, शेवटची सही किती वाजताची आहे ते वाचा, आणि पांघरुणाखालचे माणूस कोणत्या कुशीवर आहे ते बघा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका